काठोकाठ टाकी आणि कोळशाचा डबा

ऊन तापायला लागलं की आमच्या नागपुरातल्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर एक मेसेज येतोच: टाकी फुल करू नका, स्फोट होईल. खाली इंडियन ऑइलचं नाव. हे आपलं म्हणणं नाही, असा खुलासा कंपनीने केलेला आहे. गाडी बनवणाऱ्याने आखून दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी कुठल्याही ऋतूत भरावी, बिनधास्त.

आमचे बाबा मात्र दुसऱ्या टोकाचे. नोझल खट् करून बंद पडलं, पंपावरच्या पोराने ‘राउंड फिगर करू का?’ विचारलं, की यांचं ठरलेलं उत्तर, ‘टाक ना अजून, पाइपात बसते अर्धा लिटर!’ मेसेजपेक्षा मला या अर्ध्या लिटरची जास्त धास्ती वाटते.

पेट्रोलची वाफ व्हायला गाडी चालू असावी लागत नाही. उन्हात नुसती उभी असली तरी टाकीत वाफ धरते. ती तशीच बाहेर सोडली तर त्यातले हायड्रोकार्बन उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर मिळून ओझोन बनवतात. लॉस एंजेलिसचं डोळे चुरचुरवणारं धुकं यातूनच होतं, हे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवून दिलं. त्याच कॅलिफोर्नियाने १९७०च्या मॉडेलांपासून ही वाफ गाडीतच अडवायची सक्ती केली.

अडवतो तो कोळसा. फ्रिजमधला वास जावा म्हणून आपण कोळशाचा तुकडा ठेवतो, त्याचाच हा शिकलेला भाऊ: सक्रिय कोळसा. त्याच्या एका ग्रॅममधल्या बारीक छिद्रांचा पृष्ठभाग उलगडला तर हजार चौरस मीटरच्या घरात जातो. तो भरलेला प्लास्टिकचा डबा म्हणजे कॅनिस्टर. टाकीच्या माथ्यावरून नळी निघते, वाफ डब्यात येते, पेट्रोल कोळशाला चिकटतं आणि डब्याच्या दुसऱ्या तोंडातून जवळपास स्वच्छ हवा बाहेर पडते. रात्री टाकी निवली की बाहेरची हवा याच वाटेने उलटी आत शिरते आणि जाताजाता थोडं पेट्रोल टाकीत परत नेते. मला यातली ही गोष्ट सगळ्यात आवडते. ना मोटर, ना वीज.

बाकीचं काम इंजिनचं. ते तापलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, पर्ज व्हॉल्व्ह (डबा आणि इंजिन यांच्या मधली झडप) थोडाथोडा उघडतो. इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या म्हणजे मॅनिफोल्ड, त्यातल्या ओढीने ताजी हवा कोळशातून खेचली जाते, अडकलेलं पेट्रोल घेऊन सिलिंडरमध्ये जाते आणि जळते. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल जास्त होतंय का ते पाहत असतो, त्यानुसार इंजेक्टर तेवढं पेट्रोल कमी सोडतात.

आता बाबांचा अर्धा लिटर. टाकीत वर मोकळी ठेवलेली जागा वाफेसाठी असते. तीही भरली तर वाफेच्या नळीत द्रव पेट्रोल शिरू शकतं. कोळसा वाफ धरायला केलाय, पेट्रोलात भिजायला नाही. भिजला की त्याची धरण्याची ताकद जाते, शिवाय इंजिनला अवेळी जास्तीचं पेट्रोल मिळतं.

आत्येभावाच्या गाडीचं दुखणं जरा वेगळं होतं. एरवी ठणठणीत, पण पंपावर टाकी भरून निघताना सुरूच होईना. रेस दिली की भकभकत चालू. प्लग बदलून झाले, फ्युएल पंपावर संशय घेऊन झाला. शेवटी मिस्त्रीने पर्ज व्हॉल्व्ह काढला आणि वीज न देता तोंडाने फुंकून पाहिला. हवा आरपार! तो तेव्हा बंद असायला हवा. तो उघडाच राहिल्यामुळे टाकी भरताना उठलेली वाफ थेट मॅनिफोल्डमध्ये जात होती. व्हॉल्व्ह बदलला, गाडी सरळ झाली.

गाडी किती वाफ सोडते याची चाचणी हवाबंद खोलीत होते. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत अशी सोय आहे. तापलेली गाडी तासभर, मग चोवीस तास २० ते ३५ अंशांच्या चढउतारात उभी ठेवायची. सगळी मिळून वाफ २ ग्रॅमच्या आत हवी. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो त्या गावात राहून हा ३५चा आकडा वाचताना हसू येतं. आमच्याकडे तेवढं रात्री नऊलाही असतं.

२०१७ पासून दुचाकींनाही वाफेचे नियम लागू झाले, म्हणून बाइकला तो काळा डबा दिसतो. ‘काढून टाका, ॲव्हरेज वाढेल’ असं सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. डबा पकडलेलं पेट्रोल इंजिनलाच परत देतो, मग काढून ॲव्हरेज वाढणार कुठून, हे त्यांना एकदा विचाराच.