मामांच्या सेइको 5 चा पट्टा: गंज, पिना आणि लिंबूसत्त्व

मामांच्या सेइको 5 घड्याळाच्या पट्ट्याचं काम आता बरंच पुढे सरकलंय, म्हणून सविस्तर नोंद करते आहे. आतल्या मशीनचं (सेइकोचं 7009, 17 ज्वेल्स म्हणजे घर्षण कमी करणारे खडे, ऑटोमॅटिक) सर्व्हिसिंग आधीच झालं होतं, काचही बदलली होती. राहिला होता तो स्टीलचा पट्टा, आणि ह्या घड्याळानं मला जे काही शिकवलं त्यातलं निम्म्याहून जास्त ह्या पट्ट्यानं शिकवलं.

घड्याळ मामांचं, कुवेतला नोकरीला असताना घेतलेलं. वाराच्या चकतीवर इंग्रजी आणि अरबी अशा दोन्ही लिपी आहेत. मागच्या झाकणावरचा नंबर 6N नं सुरू होतो. सेइकोच्या त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरी खूण महिन्याची. N म्हणजे नोव्हेंबर. मामा तिकडे होते तो काळ धरला की 1986 हेच वर्ष बसतं. कोकणात अशी घड्याळं अजून पुष्कळ कपाटांत आहेत, कारण आखातातून येताना सेइको आणायचीच असा रिवाज होता. आणि मी पाहिलेल्या बहुतेकांची तक्रार एकच: मशीन ठणठणीत, पण पट्टा कड्यांच्या सांध्यांत तपकिरी पडलेला. रत्नागिरीची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि बारमाही घाम, ह्यात स्टेनलेस स्टीलची कसोटी लागतेच.

आधी डाग ओळखायचा

पट्ट्यावरचा प्रत्येक डाग गंजाचा नसतो, आणि औषध चुकलं की पट्टा कायमचा बिघडतो. म्हणून काही लावायच्या आधी पट्टा घड्याळापासून सोडवून 10 पटीच्या आयग्लासखाली (घड्याळजीच्या भिंगाखाली) नीट पाहिला.

कड्यांच्या फटींतला काळा, चिकट थर म्हणजे मळ: कातडीचे कण, साबण, तेल आणि कड्या एकमेकींवर घासून निघालेली धातूची पूड. हा नुसत्या कोमट पाण्यानं आणि भांड्यांच्या लिक्विडनं निघतो. हिरवट डाग दिसला तर समजायचं की खाली पितळ आहे आणि वरचं प्लेटिंग गेलंय. स्टेनलेस स्टील कधी हिरवं पडत नाही. फिकट पिवळ्यापासून निळ्या-जांभळ्यापर्यंत जाणारी झाक असेल तर ती उष्णतेची. स्टेनलेस साधारण 300 अंश सेल्सिअसच्या आसपास पिवळसर व्हायला लागतं आणि 500 च्या पुढे निळं दिसतं. कुणी बफिंगच्या चाकावर पट्टा जास्त दाबून धरला की हा रंग येतो. आणि तपकिरी-नारिंगी पूड, बोटाला लागणारी, शर्टाच्या बाहीवर उतरणारी, ती मात्र गंजाची.

माझ्या पट्ट्यावर मळ होता आणि गंज होता. गंज दोन प्रकारचा होता, आणि दोन्हींचं मूळ वेगवेगळं निघालं.

सांध्यातला गंज

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. निदान 10.5 टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप तयार होतो. ओरखडा पडला तरी हवेतला ऑक्सिजन मिळाला की थर पुन्हा धरतो. सगळी मेख ह्या ऑक्सिजनमध्ये आहे. जुन्या सेइकोचा पट्टा पत्रा दुमडून केलेल्या पोकळ कड्यांचा असतो. त्या पोकळीत घाम शिरतो, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, दुसऱ्या दिवशी त्यात आणखी घाम. कड्या जोडणाऱ्या पिनेभोवतीच्या केसाएवढ्या फटीत ऑक्सिजन संपतो, मिठातलं क्लोराइड तिथे गोळा होतं, फटीतलं पाणी आम्लारी होत नाही, उलट आम्लधर्मी होत जातं, आणि मग थर पुन्हा धरूच शकत नाही. बाहेरून पट्टा लखलखीत दिसतो तेव्हाही आत हे चालू असतं. म्हणून वरवर पुसून ह्या गंजाला काहीच होत नाही.

त्यात पिनांचं स्टील कड्यांच्या स्टीलसारखंच असेल असं नाही. एक साधा लोहचुंबक घेऊन पिना तपासल्या (घड्याळ आधी दुसऱ्या खोलीत ठेवा, घड्याळाची चाल ठरवणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागलं तर घड्याळ पुढे पळायला लागतं). पिना चुंबकाला टक्कन चिकटल्या. 304 किंवा 316 जातीचं स्टील असं चिकटत नाही. म्हणजे ह्या बहुधा 420 सारख्या कडक, कमी क्रोमियमच्या स्टीलच्या होत्या, आणि घामाला त्याच आधी बळी पडल्या. इथे एक सावधगिरी: कड्यांचा पत्राही चुंबकाला किंचित ओढ दाखवतो. पत्रा थंड अवस्थेत दाबून-दुमडून आकार दिला की 304 मध्ये थोडं चुंबकत्व येतं, त्यावरून पट्टा हलक्या दर्जाचा ठरवू नका. जोर किती आहे ते पाहायचं.

जातींची तुलना करायला एक सोपं गणित आहे: क्रोमियमचा टक्का, अधिक मॉलिब्डेनमच्या टक्क्याची 3.3 पट, अधिक नायट्रोजनच्या टक्क्याची 16 पट. हा आकडा जितका मोठा तितकं स्टील क्लोराइडपुढे टिकाऊ. 304 चा येतो 18 ते 20 च्या आसपास, 316L चा 24 च्या आसपास, आणि रोलेक्सनं 1985 पासून वापरायला घेतलेल्या 904L चा 35 च्या आसपास. 420 चा जेमतेम 13. बाजारात "स्टेनलेस पिना" म्हणून जे मिळतं त्याची जात विचारून घ्यावी, ती ह्यासाठी.

पिना काढणं हे सगळ्यांत कष्टाचं काम झालं. लोखंडापेक्षा त्याचा गंज जास्त जागा व्यापतो, त्यामुळे गंजलेली पिन भोकात फुगून बसते. हातोडी मारली तर पोकळ कडी चेपणार हे नक्की. मी प्रत्येक सांध्यात गंज सैल करणाऱ्या तेलाचा थेंब सोडला, रात्रभर ठेवलं, मग लाकडी ठोकळ्यावर पट्टा धरून पिनपुशरनं कडीवरच्या बाणाच्या दिशेनं हळूहळू दाबत गेले. ज्या हलल्या नाहीत त्यांना पुन्हा तेल आणि पुन्हा रात्र. बाहेर आलेली पहिली पिन आयग्लासखाली धरली: दोन्ही टोकं चमकदार, आणि मधला भाग, जो कडीच्या पोटात होता, तो खडबडीत आणि बारीक झालेला. पट्टा लुळा पडतो त्याचं कारण तिथे स्पष्ट दिसतं. पिन झिजते, गंजाची पूड पॉलिशपेपरसारखी भोक घासत राहते आणि सांधा ढिला होतो.

सपाट भागावरचे ठिपके

दुसरा गंज वरच्या बाजूला होता, ब्रश फिनिश (एकाच दिशेच्या बारीक रेघा) असलेल्या मधल्या पट्टीवर. बारीक तपकिरी ठिपके. आयग्लासखाली पाहिलं तर ते विखुरलेले नव्हते, ओळीत होते, आणि ओळ मूळ ब्रश फिनिशला आडवी जात होती. मधे कधीतरी कुणीतरी साध्या लोखंडी स्टील वूलनं पट्टा घासला होता. त्या लोकरीचे कण ओरखड्यांत रुतून बसले आणि ते गंजले. पट्ट्याचं स्टील तिथे शाबूत आहे.

घरच्या घासणीचंही हेच. हिरव्या स्क्रबरनं काल लोखंडी तवा घासला असेल तर आज तोच स्क्रबर पट्ट्यावर लोखंड पेरतो. पट्ट्यासाठी स्क्रबर कोरा हवा आणि वेगळा ठेवायला हवा. आणि चिंच-मीठ, लिंबू-मीठ हे तांब्या-पितळेला ठीक. स्टेनलेसला मीठ लावणं म्हणजे शत्रूला घरात घेणं. टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच ह्यांना तर जवळही आणू नका, दोन्हींत क्लोरीनचीच संयुगं आहेत.

लिंबूसत्त्वाची अंघोळ

आधी सुट्ट्या कड्या कोमट साबणपाण्यात, मऊ टूथब्रश, मग अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी मळ काढणाऱ्या यंत्रात). पाणी पहिल्यांदा चहासारखं झालं, तेव्हा ते बदलून पुन्हा. ही पायरी घाईनं उरकू नये, कारण तेलाचा अंश राहिला तर पुढचं ॲसिड तिथे पोचतच नाही.

त्यानंतर सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडे मिळतं ते लिंबूसत्त्व. स्टेनलेसचे भाग पॅसिव्हेट करण्यासाठी, म्हणजे त्यांवर तो क्रोमियमचा थर नीट धरवण्यासाठी, ASTM A967 नावाचं मानक आहे, त्यात नायट्रिक ॲसिडबरोबर सायट्रिकच्याही पद्धती दिल्यात. घरी नायट्रिकच्या वाटेला जायचं कारण नाही. सायट्रिकचं 4 ते 10 टक्के द्रावण, 21 ते 49 अंश तापमान आणि निदान 20 मिनिटं, ही त्यातली घरात जमणारी पद्धत. मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिटरला 100 ग्रॅमच्या किंचित खाली असं प्रमाण घेतलं, काचेच्या बाउलमध्ये, बाउल गरम पाण्याच्या पातेल्यात. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. सायट्रिक रुतलेलं लोखंड आणि त्याचा गंज विरघळवतं, क्रोमियमला सोडून देतं, त्यामुळे वरचा थर स्वच्छ आणि एकसारखा धरतो. प्लेटिंग गेलेला पितळी भाग असेल तर तो ह्या अंघोळीत घालू नका.

नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेल्या ॲसिडचा जोर मारला, भरपूर डिस्टिल्ड वॉटरनं धुतलं आणि हेअर ड्रायरनं पोकळीच्या तोंडातून हवा मारून वाळवलं. पावसाळ्यात हे हवेवर सोडू नका, पोकळ कडीच्या आतलं पाणी दिवसभर वाळत नाही.

काम झालंय का, हे डोळ्यांना कळत नाही. त्याच मानकात एक साधी परीक्षा आहे: एक तास डिस्टिल्ड वॉटरमध्ये, एक तास हवेत, असं किमान 24 तास. लोखंड उरलं असेल तर तपकिरी ठिपके उमटतात. माझ्या सपाट पट्ट्या कोऱ्या निघाल्या. दोन कड्यांच्या पिनभोकांपाशी मात्र पुन्हा फिकट तपकिरी कडा आली, त्या पुन्हा अल्ट्रासॉनिक आणि लिंबूसत्त्वात गेल्या आणि मग शांत झाल्या.

खड्डे तसेच ठेवले

गंज गेल्यावर त्याच्या जागी सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. ते घासून काढायचे तर आजूबाजूचा पत्राही तेवढाच उतरवावा लागतो, आणि ह्या कड्यांचा पत्रा मुळात पातळ. मी ते ठेवले. जुना पट्टा आरशासारखा करून त्याच्या कडा गोल करून टाकणं मला अजिबात पटत नाही. बाजारात अशी घड्याळं रोज दिसतात, आणि मूळ आकार एकदा गेला की परत येत नाही. फक्त मधल्या पट्टीवरचे ते आडवे ओरखडे कोऱ्या स्क्रबरनं, एकाच दिशेनं, कडेच्या चकचकीत भागावर मास्किंग टेप लावून हलके केले. फार दाबायचं नाही. जितका खरखरीतपणा वाढतो तितकं मीठ धरायला जागा वाढते.

पिना नव्या, 316L च्या घातल्या. जुन्या पिनेचं माप व्हर्नियरनं घ्यायचं. माझ्या 1 मिलिमीटरच्या निघाल्या. 316L ची पिन जरा मऊ असते, पकड कमी वाटली तर पिनेच्या टोकाला असलेल्या चिरेची दोन पाती पक्कडीनं किंचित फाकवायची. घालताना बाणाच्या उलट दिशेनं, आणि चिरेचं टोक जुन्या पिनेला ज्या बाजूला होतं त्याच बाजूला. काढताना फोटो काढून ठेवलेले असले की हा प्रश्न पडत नाही. घड्याळाच्या दोन्ही बाजूंचे स्प्रिंगबारही (पट्टा घड्याळाला जोडणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्या) बदलले. त्यांच्या नळीतली स्प्रिंग गंजलेली बाहेरून दिसत नाही, आणि ती तुटली की घड्याळच जमिनीवर.

पट्टा आता आडवा धरला तर पूर्वीपेक्षा कमी लोंबतो, पण लोंबतो. भोकं झिजलीत ती नव्या पिनेनं भरत नाहीत. बाहीवर तपकिरी डाग येणं थांबलंय. रोज संध्याकाळी नळाच्या गोड्या पाण्याखाली पट्टा धरते (हे मशीनचं घड्याळ जुनं, त्याला पाणी चालत नाही, म्हणून पट्टा सोडवून), पुसते आणि सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवते.

राहिलाय क्लास्प, म्हणजे मनगटावर पट्टा बंद करायचा खटका. त्याच्या आतल्या दाबपट्टीची स्प्रिंग चुंबकाला चिकटते आणि बिजागरीपाशी गंजाची रेघ आहे. ती बिजागरी रिव्हेटची असल्यामुळे उघडता येत नाही, म्हणून तिथे आख्खा क्लास्प अल्ट्रासॉनिक आणि लिंबूसत्त्वात घालून बघणार आहे. कुणी असा रिव्हेटवाला सेइको क्लास्प न उघडता स्वच्छ केला असेल तर वेळ आणि तापमान किती ठेवलं ते जरूर सांगा.