अण्णांची कॉलर आणि इथली दोन वर्षं

ड्युटीवरच्या माणसावर हात उचलला तर काय शिक्षा, हे कागदावर बघायला गेलं तर आपला कायदा इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या कायद्यापेक्षा कडक. ड्युटीवरच्या सरकारी माणसाच्या अंगावर धावून जायचं ते जुन्या भारतीय दंड संहितेतलं 353 कलम महाराष्ट्राने 2018 मध्ये दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेलं होतं. नव्या भारतीय न्याय संहितेत तो गुन्हा 132 कलमात आला आणि शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली, पण दुखापत केली तर 121 खाली पाच वर्षं आहेतच. इथे इंग्लंडात पोलीस, ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, नर्स, तुरुंगाचा कर्मचारी, यांच्यापैकी कोणावर हात उचलला तर 2018 च्या कायद्याने जास्तीत जास्त एक वर्ष होतं, 2022 पासून दोन वर्षं झालं. मोठी इजा केली तर त्याला वेगळी, जड कलमं. म्हणजे आकड्यात आपण कुठेच मागे नाही. तरी गेल्या हिवाळ्यापासून माझं डोकं याच विषयात अडकलंय.

मी इथल्या एका किनाऱ्यावरच्या गावात इमर्जन्सी विभागात नर्स आहे. शनिवारची रात्र होती. नेहमीची पॅरामेडिक पेशंट घेऊन आली, तिचा डावा गाल टम्म सुजलेला. दारू पिऊन पडलेल्या माणसाला उचलताना त्याने तिला कोपर मारलं होतं आणि स्ट्रेचरवर तोच माणूस होता. तिने त्याचं बीपी, साखर, डोक्याची खोक, काय काय औषध दिलं, सगळं क्रमाने मला सांगितलं. सही केली. मग सिंकपाशी गेली आणि जिभेने एकेक दात चाचपून बघितला. एक हलत होता.

"जाऊ दे, दारूच्या नशेत होता," असं तीही म्हणालीच. पण तिची वरिष्ठ अडून बसली, जबाब दिल्याशिवाय घरी जायचं नाही. पोलिसाने तिथेच कॉरिडॉरमध्ये जबाब लिहून घेतला. पुढे कोर्टात त्या माणसाची कैद स्थगित ठेवली आणि तिला भरपाई द्यायला लावली. आमच्या विभागात अनेकांना हे फार कमी वाटलं. मला मात्र एकाच गोष्टीचं राहून राहून वाटत होतं. त्या माणसाची आई, काका, गावचा पुढारी, कोणीही तिच्या दारात "मिटवून टाक" म्हणत आलं नाही.

माझे वडील, अण्णा, गुहागर तालुक्यात होमगार्ड. रोजाचं मानधन, ड्युटी लागली तर. गणपतीत चाकरमान्यांच्या गर्दीला हायवेवर, विसर्जनाला किनाऱ्यावर आणि शिमग्याला पालखीच्या बंदोबस्ताला. ड्युटीवर असताना होमगार्डही लोकसेवकच, कलम त्यालाही लागू. 353 पाच वर्षांचं झालं त्याच्या पुढच्या शिमग्यात पालखी कोणत्या वाडीत आधी जाणार यावरून सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यापाशी, बाचाबाची झाली. अण्णा मध्ये पडले आणि शेजारच्या वाडीतल्या एका पोराने त्यांची कॉलर धरून त्यांना ढकललं. कॉलर खांद्यापर्यंत फाटली, कोपर सोललं.

रात्री दहाला आमच्या पडवीत माणसं जमली. "अण्णा, आपलाच पोर हाय. मुंबयला नोकरीला लागायचाय. केस झाली तर व्हेरिफिकेशनला कायमचा अडकल." दुसऱ्या दिवशी ठाण्यातही तेच. पाच वर्षांचं कलम आहे काका, कोर्टाच्या खेपा तुम्हालाही पडतील, बघा बुवा. हा गुन्हा आपसात मिटवायची सोयच कायद्यात नाही, म्हणून तो नोंदवलाच गेला नाही. गावकीत नारळ दिला, पोरगा पाया पडला, संपलं. आईने कॉलर शिवली आणि अण्णा रंगपंचमीला पुन्हा त्याच सहाणेवर उभे राहिले.

शिक्षा वाढली आणि माणसं केस करायला जास्त कचरायला लागली, हे मी माझ्या घरात पाहिलं. पाच वर्षांची भीती मारणाऱ्याला वाटायच्या आधी मार खाणाऱ्यालाच वाटली.

यावर इथले मराठी मित्र "आपली माणसंच तशी" असं सुरू करतात तेव्हा मला चीड येते. तो पोरगा गुंड नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, तेव्हा पाण्याच्या बाटल्या आणि चटया भरून पहिला टेम्पो आमच्याकडून गेला, त्यात तो होता. आमच्याकडे 108 वाडीत आली की बोलावल्याशिवाय चार खांदे स्ट्रेचरला लागतात. इथे दर शनिवारी रात्री आम्ही शिव्या खातो, अंगावर थुंकून घेतो, आणि थुंकणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. माया आपल्याकडे जास्त आहे, हे मी कोणाशीही भांडून सांगेन. पण त्याच मायेचं ओझं मार खाल्लेल्या माणसावर टाकायचं, हे मला आता पटत नाही.

दोन्हीकडे कायदा कडक व्हायला कोणाचा तरी जीव जावा लागला, हेही खरं. इथे 2019 मध्ये अँड्र्यू हार्पर हा 28 वर्षांचा पोलीस चोरांच्या गाडीमागे फरफटत जाऊन मेला. आरोपींना 16 आणि 13 वर्षं झाली, त्याच्या बायकोने ते मान्य केलं नाही आणि तिच्या लढ्यातून 2022 मध्ये अशा मृत्यूला जन्मठेप सक्तीची झाली. आपल्याकडे 2016 मध्ये मुंबईत खारला हेल्मेट न घातलेल्या पोराला अडवलं म्हणून वाहतूक पोलीस विलास शिंदे यांच्या डोक्यात घाव घातला गेला, आणि आठवडाभराने ते गेले; 353 ची शिक्षा वाढली ती त्यानंतर.

इथल्या कायद्यातली आणखी एक गोष्ट मला फार आवडली. शोध आणि बचावाचं काम करणारा माणूस पगारी असो की बिनपगारी, संरक्षण सारखंच. आपल्या किनाऱ्यावर पर्यटक बुडायला लागला की आधी उडी टाकतो तो होडीवाला किंवा ग्रामपंचायतीने ठेवलेला जीवरक्षक. शिट्टी मारून पाण्याबाहेर बोलावलं म्हणून त्यालाच दमदाटी होते. कायद्याच्या यादीत त्याचं नाव स्पष्ट लिहिलं पाहिजे.

माझा धाकटा भाऊ यंदा होमगार्डात लागलाय. त्याला मी फोनवर सांगितलंय, अंगावर कोणी आलं तर नोंद करूनच घरी ये, मग पडवीत कोणीही बसलेलं असो. आणि गावच्या मानकऱ्यांना पत्र लिहिलंय, की शिमग्याच्या आधीच्या बैठकीत एवढा ठराव घ्या: बंदोबस्तावरच्या माणसावर हात उचलला तर गावकी मध्यस्थीला बसणार नाही. अण्णांना ते पत्र पसंत नाही. मी तरी ते मागे घेणार नाही.