तुम्ही इथे आलातच कशाला?

मिलान, मंगळवार रात्र

इटलीला बिअर प्यायला चाललोय म्हटल्यावर प्रत्येकाने एकच दुरुस्ती सुचवली. अरे, मग जर्मनीला जा, इटलीत वाइन पितात! ऑफिसातल्यांनी सुचवली, शेजारच्या काकांनी सुचवली, व्हिसाचे कागद तपासणाऱ्या एजंटनेसुद्धा सोडलं नाही. आज विमानतळावर भाचीने बॅग हातात घ्यायच्या आधी विचारलं, "मामा, खरं सांग, तू मला भेटायला आलायस की बिअरला?" मी म्हटलं, तुलाच गं, बिअर वाटेत लागते म्हणून.

खरं उत्तर थोडं लांबलचक आहे. 2009 साली पुण्यात डूलाली सुरू झालं, देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअरींपैकी एक, म्हणजे स्वतःची बिअर जागेवरच बनवणारं छोटं ठिकाण. बिअरला वास असतो हे मला तिथे कळलं, तेही चाळिशी उलटल्यावर. तोवर बिअर म्हणजे जीभ बधिर होईल इतकी गार केलेली बाटली. मग वाचायला लागलो आणि इटलीपाशी अडकलो. जर्मनांना, बेल्जियनांना, इंग्रजांना बिअरचं घराणं आहे. इटलीत मोठ्या कारखान्यांची पिवळी, हलकी लागर बिअर होती, बाकी सगळी द्राक्षं. 1996 साली चार-पाच ठिकाणी काही वेड्यांनी स्वतःची बिअर गाळायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना "आमच्याकडे असं गात नाहीत" म्हणणारा कुणी बुजुर्गच नव्हता. ज्याला गुरूने कधी पट्टी मारलेली नाही, असा गवय्या ऐकायला मला नेहमीच आवडतो. बेसूर निघण्याची जोखीम असते, ती घ्यायची.

मिलान, बुधवार

आज अण्णांची तिथी. धाकट्याने सकाळीच पानाचा फोटो पाठवला. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं जागच्या जागी. कावळ्याने घास उचलला म्हणे. मी इथे भाचीच्या स्वयंपाकघरात कॉफीत बिस्कीट बुडवत उभा.

संध्याकाळी हिरव्या मेट्रोने लांब्राते. हे नाव गेले दोन महिने नकाशावर बघत होतो, पण स्टेशनावर पाटी वाचेपर्यंत ट्यूब पेटली नव्हती. आमची लँब्रेटा! इन्नोचेंती कंपनीचा कारखाना याच भागात होता आणि 1947 पासून इथे बनू लागलेल्या स्कूटरला या वस्तीवरूनच नाव पडलं. मुंबईची एपीआय ती आपल्याकडे बनवायची. अण्णांची राखाडी होती. थंडीत किक मारता मारता त्यांना घाम फुटायचा, मग आम्ही दोघे भाऊ मागून ढकलायचो. ज्या माणसाने आयुष्यात थेंबाला स्पर्श केला नाही, त्याच्या तिथीला त्याच्या स्कूटरच्या गावी मी बिअर प्यायला उभा. भाचीला म्हटलं, परत जाऊ या का? ती म्हणाली, "आजोबा असते तर आधी कारखाना दाखव म्हणाले असते." हे मात्र अगदी खरं.

बिरिफिचो (म्हणजे ब्रुअरी) लांब्राते विया अदेल्की या रस्त्यावर आहे, 1996 च्या पिढीतलंच. आत काळपट लाकूड, जागा बेताची, गर्दी ग्लास घेऊन फुटपाथवर सांडलेली. आपल्याकडे लोक "बसतात". "आज बसायचं का?" एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, आणि बसायचं ते गच्चीवर, नाहीतर पडदा ओढून. इथे लोक उभे असतात, रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या देखत. एक बाई बाबागाडी घेऊन, एक आजोबा कुत्रा घेऊन. चखणा म्हणून ऑलिव्ह आणि फोकाच्चाचे तुकडे. कुणी घाईत नाही आणि कुणी झिंगलेलंही नाही. हे बघून मला उगाच संकोचल्यासारखं झालं. भाचीसमोर ग्लास धरायची ही पहिलीच वेळ, आणि ती पोरगी माझ्या वतीने "ऊना मेदिआ" म्हणून ऑर्डर देऊन मोकळी झाली होती. मेदिआ म्हणजे 400 मिलीलीटर.

मी घेतली ती गीझा. गीझा म्हणजे बीड, आपल्या तव्याचं असतं ते ओतीव लोखंड. मिलानमध्ये ट्रॅफिक पोलिसालाही गीझा म्हणतात, जुन्या काळच्या त्यांच्या उंच, धुराड्यासारख्या टोप्यांवरून. बिअर काळीभोर, धुरावर सुकवलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या धान्याची. पहिल्या घोटाला सदाशिव पेठेतलं न्हाणीघर आठवलं. बंब पेटल्यावर पहाटे जो धूर नाकात जायचा, तोच. मागून कोकोचा कडवटपणा. भाचीची मोंतेस्तेल्ला सोनेरी आणि हलकी. त्या नावाची टेकडी याच शहरात आहे, महायुद्धात पडलेल्या घरांच्या राडारोड्याची.

तिने फोटो काढला आणि माझं लक्ष नसताना घरच्या ग्रुपवर टाकला. तासभर शांतता. मग ताईचा मेसेज: "जेवलास का?"

मिलान, गुरुवार

कोमोच्या बाजूच्या एका गावातली ब्रुअरी बघायला एकटाच निघालो. दोन बस बदलल्या. दारावर कुलूप, संध्याकाळी उघडणार. परतीची शेवटची बस त्याच्या आधीची. पाऊस. यावर अधिक लिहीत नाही.

रात्री मात्र मिलानमध्येच तीपोपिल्स मिळाली. आगोस्तीनो आरिओलीच्या बिरिफिचो इतालियानोची ही बिअर, तीही 1996 ची. साधी पिल्सनर, म्हणजे सोनेरी, कडवट लागर, पण हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) एक हात शिजवताना आणि दुसरा थंड टाकीत, बिअर मुरत असताना. या दुसऱ्या हाताने कडवटपणा फारसा वाढत नाही, वास वाढतो. आपण आमटी उकळून घेतो आणि कोथिंबीर वरून टाकतो, तसलंच. जर्मन पिल्सनरवाले सहसा या वाटेला जात नाहीत, कारण त्यांना तशी गरजच वाटत नाही. कॅलिफोर्नियाच्या फायरस्टोन वॉकरने यावरून स्फूर्ती घेऊन आपली पिल्सनर काढली आणि आज "इटालियन पिल्स" हे नाव जगभर चालतं. वाढणाऱ्याने फेस बसू देत देत तीनदा ओतली. पाच मिनिटं तरी लागली असतील. मागे उभ्या असलेल्यांपैकी एकानेही "च्" केलं नाही.

पिओत्सो, शनिवार

भाचीच्या गाडीतून अडीच तास. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, तोडणी चालू, ट्रॅक्टरमागे ट्रॉल्या. नाशिककडे हंगामात दिसतं तेच, फक्त इथे टेकड्या मऊ आहेत. पिओत्सो हजारेक वस्तीचं गाव. तेओ मूस्सोने इथे 1986 साली बालादीन नावाचा पब काढला आणि दहा वर्षांनी स्वतःची बिअर गाळायला घेतली. बारोलो ही नामांकित वाइन जिथे पिकते त्या मुलखाच्या वेशीवर! आपल्याकडे देवगडात राहून सफरचंदं विकावीत, तसं काहीसं.

शहाणपणा असा की त्याने वाइनशी भांडण मांडलं नाही. वाइनसारख्याच मोठ्या 750 मिलीलीटरच्या बाटल्यांत बिअर भरली आणि हॉटेलांत जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवली. यीस्टला संगीत ऐकू यावं म्हणून टाक्यांना हेडफोन लावल्याची त्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. त्यावर माझा काडीचाही विश्वास नाही, पण सांगायला छान आहे. त्याची शायायू मात्र प्यायल्याशिवाय पटत नाही. बिअरवाल्यांचा सगळा जन्म हवेला बाटलीबाहेर ठेवण्यात जातो, आणि याने ती मुद्दाम हवेत ऑक्सिडाइज होऊ दिली. फेस नाही, बुडबुडा नाही. चिमुकल्या ग्लासात येते. चव खजूर, काकवी आणि जुन्या कपाटाची. 14 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, म्हणून दोघांत एक घेतली. भाचीला गाडी चालवायची होती, तिने फक्त ओठ लावले. उरलेली संपवायला मला पाऊण तास लागला.

नोरा नाही आवडली. आलं आणि गंधरस घातलेली, इजिप्तची आठवण म्हणून केलेली बिअर. मला ती काढ्याच्या अंगाने गेल्यासारखी वाटली. गुरू नसला की असंही होतं.

रोम, रविवार रात्र

भाची सोमवारची सुट्टी टाकून सोबत आली. त्रास्तेवेरेमध्ये विया बेनेदेत्तावर 2001 पासून एक खुराडं आहे, नाव मा के सिएते वेनुती आ फा. रोमच्या बोलीतली ही फुटबॉलची घोषणा, पाहुण्या संघाच्या समर्थकांना उद्देशून. भाचीने मराठी केलं: "तुम्ही इथे आलातच कशाला?" गेले दोन महिने जो प्रश्न ऐकतोय तो दारावरच लिहिलेला बघून फार बरं वाटलं.

शेजारी उभ्या असलेल्या एका पोराने कायदा समजावला. 2016 पासून इटलीत "आर्तिजानाले", म्हणजे कारागिरीची बिअर, म्हणायचं तर बिअर पाश्चराइज करायची नाही, मायक्रोफिल्टर करायची नाही, वर्षाला दोन लाख हेक्टोलीटरच्या, म्हणजे दोन कोटी लीटरच्या वर जायचं नाही आणि मालक स्वतंत्र हवा. त्याच वर्षी इथली लाडकी बिर्रा देल बोर्गो जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीने विकत घेतली होती. हे सांगताना त्याचा आवाज घरातलं माणूस पळून गेल्यासारखा झाला.

काउंटरवरच्या माणसाने द्राक्षरस घालून आंबवलेली बिअर दिली. सार्डिनिया बेटावरच्या बार्ली नावाच्या ब्रुअरीने यात वाट पाडली आणि 2015 साली अमेरिकन परीक्षकांच्या सूचीत "इटालियन ग्रेप एल" म्हणून तिची नोंद झाली. आंबट, तुरट, ना धड वाइन ना धड बिअर. मला इथली सगळ्यात आवडलेली हीच. मग त्याने विचारलं, कुठून? इंडिया. बिअरसाठी? भाचीने मान डोलावली. तो हसून पाटीकडे बोट दाखवणार, इतक्यात मी पाकिटातून लॅमिनेट केलेला आजीवन मद्यसेवन परवाना काढून त्याच्यापुढे ठेवला. महाराष्ट्र शासन, फोटोसकट. भाचीने त्याला इटालियनमध्ये समजावलं की आमच्याकडे प्यायला सरकारी कागद लागतो आणि तो आरोग्य राखण्यासाठी दिला जातो.

त्याने परवाना दोन्ही बाजूंनी नीट पाहिला, मागच्या दोघांना दाखवला, आणि तो परत करताना अर्धा ग्लास आणखी भरला. आरोग्यासाठी म्हणाला.