‘टू ए एस’मधला ए

माझा भाचा यंदा अकरावी सायन्सला गेलाय. दहावीत गणिताला ८८, पेढे वगैरे सगळं झालं, आणि आता ताईचा फोन, अगं हा म्हणतो फिजिक्स झेपत नाही, कॉमर्सला बदलून घेऊ का. म्हटलं रविवारी वही घेऊन पाठव त्याला.

थिअरी पाठ, व्याख्या धडाधड. अडतं ते न्युमेरिकलला. साधंच दिलं, एसटी ताशी ७२ किलोमीटरने येतेय, ब्रेक मारला, ५० मीटरवर थांबली, ॲक्सिलरेशन काढ. पठ्ठ्याने फॉर्म्युला बरोबर लिहिला, व्ही स्क्वेअर बरोबर यू स्क्वेअर अधिक टू ए एस (व्ही शेवटचा वेग, यू सुरुवातीचा, ए ॲक्सिलरेशन, एस अंतर), आणि पुढच्याच ओळीत ए बरोबर व्ही स्क्वेअर वजा यू स्क्वेअर वजा टू एस! हे कसं विचारलं तर म्हणे, पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं ना मावशी.

झालं! हे पलीकडे नेणं शाळेत एवढं घोटून घेतात की मुलांना वाटतं आकडे खरंच उडी मारून जातात. अरे जात काहीच नाही, दोन्ही बाजूंना आपण तेच करतो, टू आणि एस हे ए ला गुणलेले आहेत तर दोन्ही बाजूंना त्यांनीच भागायचं. गंमत म्हणजे ३ एक्स बरोबर १२ दिलं तर हाच मुलगा झोपेतही ४ सांगेल, १२ वजा ३ करणार नाही. आकड्यांच्या जागी अक्षरं आली की हात लटपटतो.

ए नीट सुटल्यावर त्याने ७२ तसेच घातले, उत्तर वजा ५१.८४. म्हटलं थांब, वरून पडणाऱ्या दगडाला ९.८ मिळतं आणि ही एसटी त्याच्या पाचपटीहून जास्त, प्रवाशांचे दात पुढच्या सीटला सापडतील. पाच भागिले अठरा पाठ होतं त्याला, पण ते १००० मीटर भागिले ३६०० सेकंद यातून येतं हे डोक्यात नव्हतं. ७२ चे २० झाले, उत्तर वजा ४, युनिट मीटर पर सेकंद स्क्वेअर, आणि एसटी सुखरूप थांबली.

साइन-कॉसचा घोळही आहेच, कुठला कुठे लावायचा. त्यावर माझा उपाय एकच, कोन शून्य करून बघ. उतार शून्य असेल तर वस्तू घसरणार नाही ना, मग खाली ओढणाऱ्या बलात साइन हवा, कारण साइन शून्य म्हणजे शून्य.

पण खरी मजा लॉग टेबलची. बारावी बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल (गुणाकार, भागाकार, वर्गमूळ सोपं करणारे तक्ते) चालतं, त्यामुळे आत्तापासूनच सवय हवी. एक मीटरचा लंबक दिला, एका झोक्याचा वेळ काढ म्हटलं, म्हणजे दोन पाय गुणिले लांबी भागिले ९.८ चं वर्गमूळ. एक भागिले ९.८ चा लॉग बार एक पॉइंट ००८८ (बार म्हणजे डोक्यावर आडवी रेघ, तेवढा एक वजा), इथपर्यंत बरोबर, वर्गमूळ म्हणून निम्मे करायला गेला आणि बारसकट सरळ दोनाने भागून ०.५०४४ लिहून मोकळा. बार फक्त एकावर आहे रे, मागचे दशांश अधिकच असतात! म्हणून आधी बार एक पॉइंट ००८८ चं बार दोन अधिक १.००८८ करायचं आणि मग निम्मे, बार एक पॉइंट ५०४४. त्याच्या पद्धतीने एका झोक्याला २० सेकंद येत होते. त्याला काहीच खटकलं नाही हे मला जास्त खटकलं.

मग वाद न घालता दाराच्या कडीला सुतळी बांधली, खाली जुनं कुलूप, कडीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत टेपने मीटर मोजलं. त्याच्या मोबाईलवर स्टॉपवॉच, जाऊन-येऊन एक असे दहा झोके. २०.३ सेकंद, दहांचे मिळून! स्वारी गप्प, मग स्वतःच टेबल पुढे ओढून अँटीलॉग, म्हणजे लॉगवरून परत मूळ आकडा, बघितला, ०.३१९४, गुणिले दोन पाय, २.००७.

ताईला कळवलंय, कॉमर्सचं दिवाळीपर्यंत राहू दे. कुलूप अजून लटकतंय, येता-जाता कमरेला लागतं.