स्क्रीनवर सगळं हिरवं होतं

लोअर परळच्या एका काचेच्या टॉवरमध्ये मी बीएमएस (बिल्डिंगची एसी-वीज-पाणी सांभाळणारी कॉम्प्युटर यंत्रणा) ऑपरेटर आहे, म्हणजे बेसमेंटात स्क्रीनसमोर बसून वरच्यांची हवा सांभाळायची. लॉबीत ग्रीन बिल्डिंगच्या प्लॅटिनम रेटिंगची पाटी, एसीच्या चिलरचं गार पाणी 7 डिग्रीला वर जातं आणि 12 डिग्रीला परत खाली येतं, फ्लशला एसटीपीचं म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी, एसीचा सेटपॉइंट 24 (2018 ला ऊर्जा मंत्रालयाने 24 ते 26 ठेवा सांगितलं तेव्हापासून), सगळं कसं ब्रोशरसारखं.

एकविसाव्या मजल्यावरच्या एक मॅडम सारख्या फोन करायच्या, दादा, मीटिंग रूममध्ये जेवणानंतर डोकं जड होतं. मी तीनही वेळा तेच, मॅडम टेम्परेचर 23.5, सीओटू 640, नॉर्मल आहे. (सीओटू म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड, दहा लाख भागांत किती भाग तो आकडा.) चौथ्यांदा म्हणाल्या, आणि दार पण पूर्ण लागत नाही हो, फट राहते. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मीटर घेऊन वर गेलो. आत चौदा माणसं, सीओटूचा आकडा 2100. बाहेरच्या हवेत 420 च्या आसपास असतो.

टेनंटच्या इंटिरियरवाल्याने आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पार्टिशन फॉल्स सीलिंगच्या वर थेट स्लॅबपर्यंत नेलेलं. आमच्याकडे परतीच्या हवेला डक्टच नाही, ती सीलिंगवरच्या पोकळीतून एएचयूकडे (मजल्याची हवा गार करून फिरवणारं मशीन) जाते, तो रस्ताच बंद, मग हवा दार ढकलून निघणार. सीओटूचा सेन्सर एएचयूच्या तोंडाशी, अख्ख्या मजल्याची मिसळलेली हवा मोजतो, त्यात ही खोली कुठे दिसणार! त्यात आमची लो-ई (उष्णता अडवणारा थर लावलेली) डबल काच पश्चिमेचं ऊन एवढं अडवते की खोली लगेच गार, गार झाली की व्हीएव्हीचा (खोलीत किती हवा सोडायची ते ठरवणारा डबा) डँपर म्हणजे झडप मिनिममला, आणि गार हवेबरोबर ताजी हवाही कमी. उकडलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

अ‍ॅडमिनचे साहेब पार्टिशनला भोक पाडू देईनात, कॉन्फिडेन्शियल बोलणी असतात म्हणे. म्हणून माणसं कोंडायची? शेवटी आतून इन्सुलेशन लावलेला झेड आकाराचा डक्टचा तुकडा, ज्यातून हवा जाते पण आवाज अडतो, सीलिंगवर पार्टिशनमध्ये बसवला, व्हीएव्हीचं मिनिमम वाढवलं, खोलीत वेगळा सेन्सर लावला. दुसऱ्या दिवशी तीन वाजता भरल्या खोलीत 880, आणि दार खट्कन लागलं.

मॅडमचा थँक्यू दादा म्हणून मेसेज आला. रजिस्टरमध्ये त्यांच्या आधीच्या तीन तक्रारींपुढे ‘चेक केलं, नॉर्मल’ लिहिलंय, खाली माझी सही. वर मात्र मी एकदाही गेलो नव्हतो.