कुंडीत बोट घालून बघितलं

आज बेळगावात पाऊस दिवसभर थांबलाच नाही. हॉलमधला स्नेक प्लांट बुडातून मऊ पडलेला दिसला आणि जीव कळवळला. शेजारच्या आजी आल्या, कुंडीत बोट खुपसलं आणि म्हणाल्या, "रोज पाणी घालून मारूलीस की गं त्याला!"

खरं होतं. वरची माती सुकल्यासारखी दिसायची, पण आत नुसता चिखल. पावसाळ्यात हवाच ओली, त्यात माझी प्लॅस्टिकची कुंडी. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात. सडलेला भाग कापला, चांगली पानं दोन दिवस सुकायला ठेवली. मग खानापुरी लाल मातीच्या कुंडीत, निम्मी वाळू घालून लावेन. झिलई नसलेल्या भाजक्या मातीतून ओल बाहेर पडते, आमच्या पावसाला तीच कुंडी बरी.

मनी प्लांट मात्र खिडकीजवळ उंच टांगला. त्याच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं तर तोंडाची आग होते. घरात रांगतं बाळ आहे.

झाडं घरातली हवा शुद्ध करतात म्हणून मी ती आणली होती. हा समज नासाच्या 1989 च्या एका प्रयोगातून पसरला, पण तो प्रयोग बंद पेटीतला होता. अशा प्रयोगांच्या 2019 च्या आढाव्यानुसार खऱ्या घरात बाहेरची हवा खेळती राहून जेवढी शुद्धी होते, तेवढी झाडांकडून हवी असेल तर एका चौरस मीटरला किमान 10 झाडं लागतील. तरी मला ती हवीतच. संध्याकाळी लाइट गेली, खिडकीतल्या उजेडात ती ओली हिरवी पानं बघत मी आणि आजी चहा प्यायलो.