प्राण्यांच्या बाहुल्यांचा संच करताना: प्राणी वाटू नका, कामं वाटा

पाच जणांनी पाच प्राणी वाटून घेतले की पाच बाहुल्या होतात, संच होत नाही. एकाचा ससा सिंहाएवढा, दुसऱ्याच्या कोल्ह्याला माणसाचे डोळे, तिसऱ्याचं माकड इतकं जड की थोड्या वेळात मनगट भरून येतं. म्हणून आम्ही कामं वाटतो. डोक्यांचे सांगाडे एकाने बांधायचे, कागद दोघांनी चढवायचा, शिवण चौथ्याकडे, रंग पाचव्याकडे. डोळे तर सगळ्या प्राण्यांचे एकाच हातचे हवेत.

इथे हातमोजा बाहुल्यांबद्दलच लिहितोय. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्यांचं तंत्र निराळं, त्या दोऱ्यांना फार मोठा सराव लागतो.

आधी भिंतीवर ब्राउनपेपर लावून सगळी डोकी खऱ्या मापात शेजारी-शेजारी काढा आणि आत काळा रंग भरा. पंधरा-वीस फुटांवरून प्राणी ओळखू आला नाही तर आकार बदला, रंग त्याला वाचवणार नाही. कुत्रा आणि कोल्हा हमखास एकसारखे वाटतात. कोल्ह्याचे कान वाढवा, तोंड निमुळतं करा. निसर्गातलं प्रमाण इथे पाळता येत नाही, कारण प्रत्येक डोक्यात बोट तेवढंच जाणार. सशाचं डोकं 10 सेंमी आणि सिंहाचं आयाळीसकट 16 सेंमी असलं की फरक पुरेसा दिसतो.

मानेसाठी पातळ पुठ्ठ्याची 6 सेंमी नळी तर्जनीभोवती गुंडाळा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत सहज जायला हवं. खालच्या कडेला दोरीचा वेढा चिकटवून काठ करा, नाहीतर कापड बांधल्यावर घसरतं. नळीवर वर्तमानपत्राचा घट्ट गोळा मास्किंग टेपने बांधा. लांब नाक मात्र पोकळ शंकूचंच हवं. भरीव केलं की डोकं सारखं पुढे झुकतं.

खळीला 1 वाटी मैदा, 4 वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा. जुन्या पद्धतीत मोरचूद घालतात; मुलं हात घालणार असतील तर अजिबात नको, ते विषारी आहे. पट्ट्या 2 सेंमी रुंद, हाताने फाडलेल्या. कापलेली कड रंगाखालीही उठून दिसते. एक थर वर्तमानपत्राचा, पुढचा कोऱ्या कागदाचा, असे सहा थर द्या. म्हणजे कुठे कागद चढला नाही ते लगेच कळतं. दोन थरांनंतर पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. एकदम सगळे थर देऊन उन्हात ठेवलं तर वरचं कवच वाळतं, आत ओल राहते आणि चार दिवसांनी बुरशीचा वास येतो. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

मगरीला वेगळा जबडा लागतो. 20 सेंमी लांबीचे पुठ्ठ्याचे दोन भाग, मागे दोन्ही बाजूंनी कापडी पट्टी चिकटवून केलेली बिजागरी. वर चार बोटं, खाली अंगठा. नवशिका वरचा जबडा उचलतो आणि मगर प्रत्येक शब्दाला छताकडे बघते. चार बोटं स्थिर, अंगठाच खाली, हा सराव आरशासमोर करून घ्या.

हातमोजा चमूतल्या सगळ्यात मोठ्या हातावर बेतायचा. अंगठा आणि मधलं बोट फाकवून हात मांजरपाटावर ठेवा, भोवती 2 सेंमी सैल जागा आणि 1 सेंमी शिवण धरा, लांबी कोपरापर्यंत. फर लावणार असाल तर उलट्या बाजूने, ब्लेडने फक्त मागचं कापड कापा. कात्रीने केस तुटतात आणि जोड उघडा दिसतो.

रंगाआधी खडूपूड आणि फेविकॉलचा पांढरा हात. पोस्टर कलरवर चकचकीत व्हार्निश नको, दिव्यात चेहरा पांढरा पडतो. चकाकी फक्त बुबुळांना, आणि त्यातला पांढरा ठिपका सगळ्या प्राण्यांना एकाच बाजूला. हे काम सगळ्या बाहुल्या एका रांगेत उभ्या करून, एकाच बैठकीत उरकावं.